एनडीआरएफची बोट मागायची कुणी, कुणाकडे आणि कधी?

कृष्णाकाठच्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "एनडीएमए आहे, एनडीआरएफ आहे, राज्याचं प्राधिकरण आहे, कलेक्टर आहेत, वर लष्करही आहे. तरी गाव पाण्यात गेल्यावर बोट यायला दिवस का लागतो? दिल्लीतली यंत्रणा नेमकं करते काय? आणि आमच्या ग्रामपंचायतीने मागणी कुणाकडे करायची?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका ओळीत संपतं: तहसीलदारांकडे किंवा तालुक्याच्या नियंत्रण कक्षाकडे. तिथे फोन लागला नाही तर जिल्ह्याचा १०७७, तोही लागला नाही तर राज्याचा १०७०. जीव जाण्याची वेळ असेल तर सरळ ११२. मंत्र्यांच्या पीएला, चॅनेलवाल्यांना आणि पुण्याच्या ओळखीच्या साहेबांना केलेले फोन फिरून शेवटी याच नियंत्रण कक्षात येतात. फक्त तोवर त्यातला गावाचा तपशील गळालेला असतो.

आता नावांचा गुंता. एनडीएमए म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने ते स्थापन झालं आणि पंतप्रधान त्याचे अध्यक्ष असतात. त्याचं काम धोरण ठरवणं, मार्गदर्शक सूचना काढणं, राष्ट्रीय आराखडा, रंगीत तालमी, 'आपदा मित्र'सारख्या (गावोगावच्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणाऱ्या) योजना. पुराच्या रात्री एनडीएमए कुणाला बोट देत नाही, कारण त्याच्याकडे बोट नसतेच. एनडीआरएफ हे त्याच कायद्याच्या कलम ४४ खालचं दल. त्यावर सर्वसाधारण देखरेख एनडीएमएची, पण हुकूम चालतो महासंचालकांचा आणि दल येतं गृह मंत्रालयाखाली. देशात त्याच्या १६ बटालियन आहेत. त्यांतली माणसं सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी आणि आसाम रायफल्समधून येतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पाचवी बटालियन, तिचा तळ पुण्याजवळ सुदुंबरेला.

गंमत म्हणजे 'एनडीआरएफ' हेच संक्षिप्त नाव राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीचंही आहे. 'एसडीआरएफ'चं तसंच: धुळे आणि नागपूरला असलेलं राज्याचं दलही एसडीआरएफ आणि राज्याचा निधीही एसडीआरएफ. बैठकीत कुणी "एसडीआरएफ शिल्लक किती?" विचारलं की एकजण जवान मोजतो, दुसरा कोटी. पत्रात 'दल' किंवा 'निधी' हा शब्द पुढे जोडायची सवय लावून घ्या, त्रास वाचतो.

कायद्याने खरी ताकद ठेवली आहे जिल्ह्यात. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. कलम ३४ ने रस्ता बंद करता येतो, एखाद्या भागात जायला मनाई करता येते, ढिगारा हलवता येतो. कलम ६५ ने खासगी वाहन, जागा, साधनसामग्री ताब्यात घेता येते आणि कलम ६६ ने त्याचा मोबदला द्यावा लागतो. कलम ५० ने तातडीची खरेदी निविदेशिवाय करता येते. हे अधिकार कागदावर कुणाला अपुरे वाटत नाहीत. अडतं ते वापरण्यात. पोकलेनवाल्याला "साहेबांनी सांगितलंय" म्हणून बोलावतात, लेखी आदेश देत नाहीत, मग बिल वर्षभर फिरतं. पुढच्या वर्षी त्याचा फोन 'नॉट रीचेबल' लागतो. आदेशाचा एक पानी नमुना मे महिन्यातच छापून, तारीख आणि वाहन क्रमांकाची जागा रिकामी ठेवून प्रत्येक तहसीलदाराच्या गाडीत असावा.

जिल्ह्याच्या वर राज्य कार्यकारी समिती, तिचे अध्यक्ष मुख्य सचिव. केंद्रात राष्ट्रीय कार्यकारी समिती, अध्यक्ष केंद्रीय गृह सचिव. संकट मोठं असेल तर कॅबिनेट सचिवांची राष्ट्रीय संकट व्यवस्थापन समिती बसते. ही समिती पूर्वीपासून काम करत होती, पण २०२५ च्या दुरुस्तीने तिला कायद्यात जागा मिळाली. त्याच दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिकांच्या शहरांसाठी वेगळं नागरी प्राधिकरण करायची सोय झाली.

आता बोटीच्या प्रवासाकडे. नेहमीचा मार्ग असा: तहसीलदार जिल्ह्याला कळवतात, जिल्हाधिकारी मंत्रालयातल्या मदत व पुनर्वसन विभागाच्या नियंत्रण कक्षाला, आणि तिथून मागणी एनडीआरएफकडे जाते. प्रसंग गळ्याशी आला असेल तर जिल्हाधिकारी थेट बटालियनशी बोलतात आणि पत्र मागाहून जातं. कुणीही "आधी पत्र आणा" म्हणत बसत नाही. उशीर होतो तो मुख्यतः दोन जागी. एक, मागणी करावी की नाही यावर जिल्ह्यात चाललेला विचार ("अजून दोन तास बघू, कोयनेतून किती सोडतात ते कळू दे"). दुसरा, मागणीचा मजकूर.

बिनकामाचा निरोप असा असतो: "गाव पाण्याखाली. परिस्थिती गंभीर. तातडीने एनडीआरएफ पाठवा."

कामाचा असा:

"वेळ सकाळी ७.१०. दक्षिणेचा पूल बुडाला. उत्तरेच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, ट्रॅक्टर येतो, जीप नाही. आत अडकलेले २१२. त्यांत अंथरुणाला खिळलेले ५, गरोदर ३ आणि त्यांपैकी एकीचे दिवस भरलेले, डायलिसिसचा १. सगळे शाळेच्या वरच्या मजल्यावर आणि मारुतीच्या देवळामागच्या दोन स्लॅबच्या घरांत. पाणी तासाला चार बोटं चढतंय. गावठाणात पाणी संथ, ओढ्यावर ओढ जोराची. बोट उतरवायला जागा उत्तरेला पेट्रोल पंपाजवळ. वाट दाखवायला पोलीस पाटलांचा माणूस तिथे उभा आहे, त्याचा नंबर सोबत. गावची बोट एक, इंजिन नाही. गावठाणाचा फीडर रात्री ११ ला बंद केला आहे."

हा निरोप लिहायला दहा मिनिटं लागतात आणि तो पथकाचे दोन तास वाचवतो. किती बोटी, स्ट्रेचर हवं का, रुग्णवाहिका कुठल्या टोकाला उभी करायची, हे सगळं त्यातून ठरतं. शेवटची ओळ विसरली जाते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. पाणी पंधरा-वीस फूट चढलं की बोट विजेच्या तारांच्या उंचीवर येते. महावितरणने फीडर (म्हणजे गावाला वीज देणारी वाहिनी) बंद केल्याचं नक्की कळल्याशिवाय शहाणा पथकप्रमुख गल्लीत बोट घालत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

आता थोडं गणित, कारण 'बोट का येत नाही' या तक्रारीत 'बोट आली की सुटलो' असं गृहीत धरलेलं असतं. रबरी बोट दहा जणांची म्हणतात. त्यात दोन-तीन जवान असतात, म्हणजे गावकऱ्यांना सात-आठ जागा. जाऊन-येऊन, चढवून-उतरवून एक फेरी चाळीस मिनिटांची धरा. दिवसाच्या उजेडात, इंधन भरणं आणि विश्रांती सोडून, चौदा फेऱ्या म्हणजे खूप झाल्या. एका बोटीने दिवसाला सुमारे ११० माणसं. पाच बोटी असल्या तरी साडेपाचशे. तीन हजार वस्तीचं गाव बाहेर काढायला पाच-सहा दिवस. तेच गाव रस्ता कोरडा असताना हलवायचं तर एसटीच्या बारा गाड्या, प्रत्येकी सहा फेऱ्या, एका दिवसात काम आटोपतं. म्हणून बोटीचा खरा उपयोग शेवटच्या शे-दोनशे माणसांसाठी. बोटींवर अख्खं गाव निघणार असेल तर आदल्या दिवशी काहीतरी चुकलेलं आहे.

आदला दिवस नेमका कुठला, हे फुटांत लिहिलेलं हवं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पण इशारा पातळी शहरासाठी असते, तुमच्या गावासाठी नसते. नदीकाठचे काही भाग ती पातळी येण्याआधीच पाण्यात असतात. तुमच्या गावचा रस्ता आयर्विनच्या किंवा राजाराम बंधाऱ्याच्या किती फुटांना बुडतो, हा आकडा तलाठी, सरपंच आणि एसटी आगारप्रमुख या तिघांकडे असला पाहिजे. त्या आकड्याच्या चार फूट आधी म्हातारी माणसं, आजारी आणि जनावरं हलवायची. दोन फूट आधी उरलेले. रस्ता ४२ ला बुडत असेल तर तुमचा दिवस ३८ ला सुरू होतो, टीव्हीवर 'धोका पातळी ओलांडली' दाखवतात तेव्हा नाही.

जनावरं मुद्दाम म्हशींसकट मोजायची. लोक घर सोडत नाहीत, असं अहवालात लिहिलं जातं. ते अर्धसत्य आहे. लोक गोठा सोडत नाहीत. दावणीला चार म्हशी बांधलेला माणूस शेवटच्या बोटीपर्यंत थांबतो आणि त्याच्यासाठी घरातली बाकीची माणसंही थांबतात. जनावरांच्या छावणीची जागा, चारा आणि तिथवर जायला ट्रक ठरलेले असतील तर माणसं आपोआप निघतात. हे सोपं काम बहुतेक आराखड्यांत शेवटच्या पानावर असतं.

दरम्यान दिल्ली काय करते? तीन कामं, आणि तिन्ही पूर येण्याआधीची.

पहिलं काम अंदाज. पाऊस आणि वादळ हवामान विभागाकडे, नद्यांचे पूर केंद्रीय जल आयोगाकडे, त्सुनामी आणि समुद्राची स्थिती हैदराबादच्या इन्कॉइसकडे, दरडी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे. वादळाचे इशारे टप्प्यांनी येतात: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सतर्कतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा. आता 'सचेत' यंत्रणेतून हे संदेश ठरावीक भागातल्या मोबाईलवर थेट ढकलता येतात. पण फोनवरचा इशारा जिल्ह्याच्या भाषेत असतो. 'रेड अलर्ट' म्हणजे जिल्ह्यात काही ठिकाणी २४ तासांत २०४.४ मिलीमीटरच्या वर पाऊस होऊ शकतो, आता कारवाई करा. तुमच्या गल्लीत पाणी येईल की नाही, ते त्यात लिहिलेलं नसतं. ते भाषांतर कुणीतरी गावात करायचं असतं: "उद्या दुपारपर्यंत ओढ्यापलीकडची घरं रिकामी." दवंडी, देवळाचा भोंगा, व्हॉट्सअॅप, तिन्ही वापरा आणि तिन्हींचा मजकूर एकच ठेवा. एकात 'संध्याकाळपर्यंत' आणि दुसऱ्यात 'सकाळपर्यंत' असलं की लोक सोयीचं ते ऐकतात.

इशारा पोचणं आणि निर्णय होणं यांत किती अंतर असतं, ते तौक्ते वादळात दिसलं. वादळाची सूचना कित्येक दिवस आधी होती, समुद्रातल्या बोटी परत बोलावल्या जात होत्या. तरी मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ काही जहाजं थांबली आणि १७ मे २०२१ ला बुडालेल्या पी-३०५ बार्जवर सत्तरच्या वर माणसं गेली.

दुसरं काम साधनं आधी नेऊन ठेवणं. सुदुंबरेहून सांगली साधारण अडीचशे किलोमीटर, एरवी पाच तासांचा रस्ता. पण मोठ्या पुरात पुणे-बेंगळुरू महामार्गच कोल्हापूरजवळ शिरोलीला पाण्याखाली जातो. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सांगली, कोल्हापूर, रायगड, रत्नागिरी अशा जिल्ह्यांत पथकं आधीच आणून बसवतात. दलाच्या मूळ रचनेत एका पथकात ४५ च्या आसपास माणसं असतात, पुराच्या कामाला त्यातली वीस-पंचवीस पाठवतात. कुठे किती, हे मे महिन्याच्या मान्सूनपूर्व बैठकीत ठरतं. ज्या जिल्ह्याने त्या बैठकीत आपल्या बोटी, इंजिनं आणि चालक यांचा खरा आकडा मांडला, त्याची मागणी ऐकली जाते. "आमच्याकडे सर्व तयारी पूर्ण" असं सांगणाऱ्याला पथक मिळत नाही. का मिळावं?

तिसरं काम, एकमेकांचं न ऐकणाऱ्या खात्यांना एका खोलीत बसवणं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण राष्ट्रीय पातळीवरच्या समन्वयाचा गाभा तोच. वादळाआधी कॅबिनेट सचिवांच्या बैठकीत राज्यांचे मुख्य सचिव, हवामान विभाग, रेल्वे, तटरक्षक दल, नौदल, ऊर्जा, दूरसंचार असे सगळे असतात. तिथे ठरतात त्या गोष्टी जिल्हाधिकाऱ्याच्या हातातल्या नसतात: एका कंपनीचा टॉवर पडला तर तिच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क खुलं करणं, टॉवरच्या जनरेटरना डिझेल, शेजारच्या राज्यांतून वीज दुरुस्तीच्या टोळ्या, खांब आणि ट्रान्सफॉर्मर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर सर्वांत जास्त काळ रेंगाळलं ते विजेचंच काम. माणसं वाचवून झाली होती, पण वीज नाही म्हणून पाणीपुरवठा नाही, पाणी नाही म्हणून दवाखाने अडले. खांबांचा साठा कुठे आहे, ही माहिती बोटींच्या यादीइतकीच महत्त्वाची ठरते.

कृष्णेच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे: वर कोयना धरण, साठवण १०५ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास, आणि खाली कर्नाटकात अलमट्टी धरण. कुठून किती सोडायचं यावर दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे खात्यांचा रोजचा संपर्क लागतो. केंद्रीय जल आयोगाचे अंदाज दोघांनाही मिळतात. वाद आहेत आणि राहतील. पण गावाच्या दृष्टीने कामाची गोष्ट एवढीच की कोयनेच्या विसर्गाचा आकडा संध्याकाळी वाढला तर रात्रीच्या मुक्कामाचा निर्णय झोपायच्या आधी घ्यायचा.

पथक पोचल्यावर काय होतं, हे जवळून बघण्यासारखं आहे. एनडीएमएने २०१० मध्ये 'घटना प्रतिसाद प्रणाली' म्हणजे आयआरएसच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तिचं सार: जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी, प्रत्यक्ष जागेवर एकच घटना प्रमुख (बहुधा प्रांत किंवा तहसीलदार), त्याच्या हाताखाली तीन विभाग: कार्यवाही, नियोजन, रसद. एका माणसाने साधारण पाच जणांनाच सांभाळायचं, सातच्या वर नाही. एनडीआरएफ, लष्कर, अग्निशमन, स्वयंसेवी संस्था, सगळ्यांनी घटना प्रमुखाकडून काम घ्यायचं. काम कसं करायचं ते त्या-त्या पथकप्रमुखाने ठरवायचं. तहसीलदार म्हणू शकतात "त्या वाडीतली चाळीस माणसं आधी". "इंजिन जोरात सोडा" म्हणू शकत नाहीत.

ही रचना कुठे मोडते? बोटी जिथे उतरतात तिथेच. त्या जागी पालकमंत्र्यांचा ताफा, चॅनेलच्या ओबी व्हॅन, नातेवाईक आणि मदतीचे टेम्पो एकाच वेळी येतात. ट्रेलरवरून बोट मागे सोडायला चाळीस फूट मोकळा उतार लागतो, तोच बुजतो. म्हणून जमा होण्याची जागा वेगळी हवी: पाण्यापासून अर्धा-एक किलोमीटर मागे, पक्कं मैदान, एकच आत यायचं फाटक, फाटकावर वही घेऊन बसलेला एक कारकून. कोण आलं, किती माणसं, काय साधन, कुणाला कुठे पाठवलं. ती वही असली तर संध्याकाळी 'तीन बोटी कुठे आहेत' याचं उत्तर मिळतं. नसली तर एकाच वाडीला चार पथकं जातात आणि शेजारच्या वाडीला एकही जात नाही.

बोटीबद्दल काही बारकावे, गावच्या बोटी चालवणाऱ्यांसाठी:

उसाच्या शेतावरून बोट नेऊ नका. पाण्याखाली ऊस उभाच असतो, पाला पंख्यात अडकतो आणि इंजिन बंद पडून बोट प्रवाहाच्या स्वाधीन होते. जायलाच लागलं तर इंजिन उचलून वल्ह्यांनी. काटेरी तारेचं कुंपण, पत्र्याची धार, बांधावरचे बाभळीचे काटे यांनी रबर फाटतं, म्हणून दोन बोटी जोडीने जातात. टू-स्ट्रोक इंजिनाला नुसतं पेट्रोल घातलं की ते जळतं. बऱ्याच इंजिनांना लिटरमागे २० मिली ऑइल लागतं, इंजिनावरची पट्टी वाचून घ्या. ३०-४० अश्वशक्तीचं इंजिन जोरात चाललं तर तासाला दहा-पंधरा लिटर खातं आणि गावचा पंप त्या दिवशी पाण्यात असतो. कॅन आधी भरून उंचावर ठेवा.

आणि भार. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली, ती गावचीच होती, क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली. बोट काठाला लागली की सगळे एका बाजूला उभे राहतात आणि नेमकी तेव्हाच ती कलते. आधी जॅकेट, मग बसणं, मग पुढचा माणूस, आणि चढवणारा एकच. लहान मुलाला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून येतं. दहा जॅकेटांच्या खरेदीत दोन मुलांच्या मापाची घ्या. गाठोडी, गॅस सिलिंडर, शेळी नाही. यावर भांडण होतं, होऊ द्या.

दरडीचं गणित याच्या उलट. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. पायथ्यापासून डोंगर चढून जायचं, वर पोकलेन नेता येत नाही, खराब हवेमुळे हेलिकॉप्टरने यंत्रं उतरवता आली नाहीत. एनडीआरएफने फावड्या-कुदळींनी खोदलं. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. काँक्रीटची इमारत कोसळली तर स्लॅबखाली पोकळ्या राहतात, तिथे माणूस दोन-तीन दिवसही जिवंत सापडतो. कॅमेरे, आवाज टिपणारी यंत्रं आणि श्वानपथक त्यासाठीच असतात. चिखलाची दरड पोकळी ठेवत नाही. त्यामुळे दरडप्रवण वाडीत राष्ट्रीय दलावर भिस्त ठेवणं म्हणजे आराखडा नसणंच. तिथे एकच उपाय कामाचा: सलग दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस झाला, जमिनीला भेगा दिसल्या, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर रात्रीच्या आत खाली उतरायचं. आणि शोधकार्य सुरू असताना एक माणूस फक्त वरच्या उताराकडे बघत शिट्टी घेऊन उभा हवा. दुसरी दरड मदत करणाऱ्यांवर येते.

निवारा केंद्राबद्दल एनडीएमएची किमान मानकं आहेत: माणशी ३.५ चौरस मीटर जागा, रोज किमान ३ लिटर पिण्याचं पाणी, ३० माणसांमागे एक शौचालय, प्रौढाला २,४०० किलोकॅलरी. आता जिल्हा परिषदेच्या शाळेची २० बाय २५ फुटांची खोली घ्या. तिचं क्षेत्र सुमारे ४६ चौरस मीटर, म्हणजे तेरा माणसं. यादीत तिथे 'क्षमता ५०' लिहिलेलं असतं, कारण वर्गात तितकी मुलं बसतात. बसणं आणि आठ दिवस झोपणं यांतला फरक यादी करणाऱ्याच्या लक्षात येत नाही. शौचालयांचं तर बोलायलाच नको. केंद्रांची क्षमता या हिशेबाने पुन्हा काढली की बहुतेक तालुक्यांत ती निम्म्याहून खाली येते, आणि मग मंगल कार्यालयांशी करार करायची घाई सुचते. ती मेमध्ये सुचावी.

बाहेरून येणाऱ्या मदतीत जुने कपडे मागवू नका. ढीग वर्गीकरणात माणसं अडकवतो आणि भिजून कुजतो. टॉर्च, ताडपत्री, सॅनिटरी पॅड, लहान मुलांसाठी दूध पावडर, टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची पावडर), झाडू-फावडी, अशी यादी रोज सकाळी एकाच नंबरवरून जाहीर करा. आणि 'पुरे' हा शब्दही जाहीर करा.

रंगीत तालीम बहुधा ऊन पडलेल्या दिवशी सकाळी अकराला होते, सगळ्यांना आधी माहीत असते आणि सगळे फोन लागतात. तिचा उपयोग फोटोपुरता. खरी तालीम घ्यायची तर तीन गोष्टी करा: सगळ्यांचे मोबाईल पेटीत ठेवा, मुख्य अधिकारी 'पुरात अडकला' असं जाहीर करून त्याला खुर्चीवर नुसता बसवा, आणि सुरुवात रात्री करा. पहिल्या अर्ध्या तासात कळतं की सॅटेलाइट फोनची बॅटरी उतरली आहे. चार्ज केलेला फोनही नियंत्रण कक्षाच्या छताखाली लागत नाही, त्याला उघडं आकाश लागतं, आणि पावसात बाहेर उभं राहून बोलायचा सराव कुणालाच नसतो.

साधनांच्या यादीचंही तेच. देशभरातल्या साधनांची नोंद आयडीआरएन या पोर्टलवर असते आणि जिल्हे ती भरतात. नोंद 'बोट १' अशी असते. इंजिन आहे का, चालू आहे का, चालवतो कोण, चालक गावात राहतो की पुण्याला गेला? या चार प्रश्नांशिवायची यादी फसवी. दर एप्रिलला यादीतल्या प्रत्येक नंबरवर एकदा फोन करा. लागला नाही तो नंबर खोडा. काम एका कारकुनाचं, दोन दिवसांचं.

पैशाचं थोडक्यात. राज्य निधीत महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. ईशान्य आणि हिमालयीन राज्यांना ९०:१०. मृताच्या वारसाला ४ लाखांचं सानुग्रह अनुदान, शेतीत ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं तरच मदत. निधी पुरला नाही तर राज्य केंद्राकडे निवेदन देतं, केंद्रीय पथक पाहणी करतं आणि उच्चस्तरीय समिती ठरवते. ही नुकसानभरपाई नव्हे, तातडीचा आधार आहे, हे लोकांना आधी सांगितलं तर पंचनाम्याच्या वेळचा राग थोडा कमी होतो. पंचनाम्याआधी घर धुवायला काढू नका असं सांगणारे चुकतात. चिखलात लहान मुलं आठ दिवस ठेवायची नसतात. फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ फोटोत येईल असे, मग धुवा.

आणि ती रेघ पुसली जायच्या आत, रंग देणारा येण्यापूर्वी, शाळेच्या, देवळाच्या आणि पंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने खूण करून घ्या: तारीख, वेळ, आणि त्या वेळी आयर्विनला किंवा राजाराम बंधाऱ्यावर किती फूट होतं ते. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते, पण तुमच्या गावचा रस्ता किती फुटांना बुडतो, हा वर म्हटलेला आकडा काढायला याच खुणा लागतात.